मधला ठिपका

१

जमीन नासली की तिची नोंद आमच्या कचेरीत होते. कुठे जुन्या गॅस कारखान्याखाली डांबर मुरलेलं असतं, कुठे कातडी कमावणाऱ्यांनी घाण पाणी ओढ्याकाठी सोडलेलं असतं, कुठे पेट्रोल पंपाची टाकी गळून गळून रिकामी झालेली असते. हे सगळं एका भल्यामोठ्या डेटाबेसमध्ये भरायचं आणि लोकांसाठी नकाशावर ठिपके दाखवायचे. घर घेणाऱ्याने नकाशा उघडावा, आपल्या जागेवर ठिपका नाही ना ते बघावं आणि निर्धास्त व्हावं, एवढाच सगळा उद्देश.

माझं काम म्हणजे त्या डेटाबेसची झाडलोट. हुद्दा लांबलचक आहे, पण अर्थ तोच. एकच छापखाना तीनदा भरलेला असतो. एखाद्या रंगाच्या कारखान्याचं क्षेत्रफळ अख्ख्या शहरापेक्षा मोठं निघतं. एका पठ्ठ्याने तर 'जमिनीत काय आहे' या रकान्यात 'हो' असं लिहून ठेवलं होतं. काय हो? कसलं हो? अशा वेळी माझं डोकं असं सणकतं की शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला मुकाट्याने कानाला हेडफोन लावतो. नकाशाचं सॉफ्टवेअर तो सांभाळतो, म्हणून त्याला सगळे नकाशेवालाच म्हणतात.

दुपारी डबा उघडला की धाकटीचा फोन येतो. धाकटी म्हणजे माझी बहीण. आई-वडील लवकर गेले, तिला मीच वाढवलं, आणि अजूनही ती भाजीत मीठ किती घालू हे मला विचारते. त्या दिवसांत तिला सातवा महिना चालू होता. आधी दोनदा पोटातलं मूल गेलेलं, त्यामुळे डॉक्टरांनी पलंगावरून हलायलाही बंदी केली होती. घर बदलणं तर दूरच, खोली बदलायची म्हटलं तरी तिच्या नवऱ्याच्या, आमच्या जावईबुवांच्या, तोंडचं पाणी पळायचं.

"ताई, एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"हसण्यासारखं असेल तर हसेन."

"आमच्या फरशीखाली कोणीतरी पिंपं ठेवतंय."

मी हसलेच. त्यांचं घर नव्या वसाहतीतलं, बैठं, तळघर वगैरे काही नाही. फरशीखाली वाळू आणि वाळूखाली जमीन.

"अगं बबडे, पडून पडून तुझं डोकं रिकामं झालंय. रेडिओ लाव."

"लावलाय. त्यातूनही ऐकू येतं," ती म्हणाली.

२

रविवारी मी गेले. धाकटीची खोली मागच्या बाजूला, खिडकीला निळा पडदा, पलंगाशेजारी स्टुलावर औषधं आणि पाण्याचा तांब्या. पलंगाखाली पांढऱ्या चौकोनी फरश्या. जावईबुवा फरशी पुसून पुसून दमले होते.

"ताई, वास येतोय का बघा ना," ते म्हणाले. "आधी रॉकेलचा होता. मग डांबराच्या गोळ्यांचा. आता काहीतरी गोडसर येतंय. प्लंबर येऊन गेला, म्हणाला नळ-बिळ सगळं ठीक आहे."

वास येत होता. मला तो ओळखीचा होता, कारण पाहणीला जाऊन जाऊन माझं नाक तयार झालंय. रंग पातळ करायच्या रसायनाचा वास तसा गोड असतो. पण इथे कुठून? या वसाहतीच्या जागी पूर्वी उघडं माळरान होतं. घर घेण्याआधी जावईबुवांनी आमचा सार्वजनिक नकाशा स्वतः तपासला होता. एक ठिपका नव्हता.

मी चहाचा कप तोंडाला लावला, आणि तेव्हा तो आवाज आला.

भरलेलं लोखंडी पिंप उचलता येत नाही. ते तिरकं करतात, तळाच्या कडेवर फिरवत फिरवत नेतात आणि मग हळूच सरळ बसवतात. घरघर, घरघर, मग एक जड, बसका धप्प. तो आवाज मी शेकडो गोदामांत ऐकलाय. आता तो माझ्या पायाखाली ऐकू आला, आणि कपातला चहा थरथरला.

"ऐकलंस?" धाकटी म्हणाली. पोटावर दोन्ही हात घट्ट धरून ती पडली होती.

"रस्त्यावरून ट्रक गेला असेल," मी म्हणाले. खिडकीतून रस्ता दिसत होता आणि रस्ता रिकामा होता.

मी अंगणातली माती घेतली, नळाचं पाणी घेतलं आणि आमच्या प्रयोगशाळेत ओळखीच्या बाईंकडे दिलं. अहवाल हातात ठेवत त्या म्हणाल्या, "कुठली गं ही माती? दृष्ट काढावी इतकी स्वच्छ आहे."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

३

सोमवारी मी धाकटीचा पत्ता नकाशात घातला. लोकांच्या नकाशावर काहीच नाही. मग आतला नकाशा उघडला. ज्या नोंदींवर आमचा भरवसा नसतो त्यांना 'संशयास्पद' असा शेरा देऊन आम्ही लोकांपासून लपवतो, त्या इथे दिसतात. धाकटीच्या घरावर एक ठिपका होता. अगदी मागच्या खोलीवर.

त्यावर क्लिक केलं तर यादी उघडली. ती खाली सरकवत गेले तरी संपेना. गॅस कारखाने, साबणाचे कारखाने, मुलामा देणाऱ्यांची दुकानं, दारूगोळ्याचं एक कोठार. सगळे एकाच ठिपक्यावर, एकाच्या डोक्यावर एक.

"अरे, हे काय आहे?" मी नकाशेवाल्याला हाक मारली.

त्याने वाकून बघितलं आणि खांदे उडवले. "हा मधला ठिपका. नकाशा उघडला की फुली जिथे असते ना, नकाशाच्या बरोबर मध्यावर, ती जागा. सॉफ्टवेअर जागेचा रकाना कोरा ठेवू देत नाही. म्हणून पलीकडच्या दालनातल्या मुली ज्याचा पत्ता लागत नाही ते मधे टाकतात."

खरंच होतं ते. आमच्याकडे जुने कागद भरायला कंत्राटी मुली आहेत, आणि 'मधे टाक' हा त्यांचा रोजचा शब्द. कागदावर कारखान्याचं नाव आहे, जागा नाही? मधे टाक. पान फाटलंय? मधे टाक. मी स्वतः तो शब्द इतक्यांदा ऐकला होता, पण मधे म्हणजे कुठे, असा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. माळरानावरची ती फुली कोणाच्या तरी पलंगाखाली गेली तरी आम्हाला पत्ता नाही.

हा निव्वळ निष्काळजीपणा होता, बाकी काही नाही. डेटाबेसमधल्या पिंपाला वजन नसतं, एवढी अक्कल मला आहे.

तेवढ्यात धाकटीचा फोन आला. ती कुजबुजत होती. "ताई, आज थांबतच नाहीये. हे बघ, आत्ता एक ठेवलं."

मी फोन कानाला लावूनच पलीकडच्या दालनात गेले. दाराशी बसलेली मुलगी पानं उलटत, पटापट कळा दाबत होती.

"थांब," मी तिला म्हणाले. तिने हात वर केले. फोनमध्ये धाकटीचा श्वास, भिंतीवरचं घड्याळ, बाकी काही नाही. मी मुद्दाम बराच वेळ उभी राहिले.

"आता पुढची टाक. मधे."

तिने कळ दाबली. फोनमधून घरघर ऐकू आली. मग धप्प. धाकटी "आई गं" म्हणाली.

योगायोग. मी पुन्हा थांबवलं, पुन्हा टाकायला लावलं. पुन्हा तेच झालं. मग मात्र मी त्या मुलीच्या संगणकाची वायरच उपटली.

४

मी साहेबांकडे गेले. आमच्या साहेबांचं सगळं पुढच्या आठवड्यात असतं. फाइल पुढच्या आठवड्यात, सही पुढच्या आठवड्यात.

"सॉफ्टवेअर कंत्राटदाराचं आहे," ते म्हणाले. "कोरा रकाना हवा तर अर्ज करावा लागेल. बघू, पुढच्या आठवड्यात."

"बघा सावकाश," मी म्हणाले. "तोवर जागा सापडल्याशिवाय एकही कागद भरला जाणार नाही. आणि मधल्या सगळ्या नोंदी मी हलवणार आहे."

"सगळ्या? अहो, त्यात जन्म जाईल तुमचा."

"बहिणीचं बाळंतपण व्हायच्या आत," मी म्हणाले. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

आमच्याकडे नोंद पुसता येत नाही. नासलेली जमीन कोणी पैसे चारून यादीतून गायब करू नये म्हणून तसा नियमच आहे. नोंद फक्त हलवता येते, तीही त्या जागेवर आज कोण राहतं किंवा कोणाचा ताबा आहे त्याचं लेखी निवेदन जोडून. म्हणजे प्रत्येक पिंपाचं खरं घर शोधायचं, तिथे जायचं, माणूस गाठायचा, सही घ्यायची.

मी कंबर कसली. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या उपसल्या. निवृत्त अग्निशमनवाल्यांना गाठलं, कारण कुठला कारखाना कुठे जळला हे त्यांच्याइतकं कोणाला आठवत नाही. साबणाचा कारखाना एका शाळेच्या मैदानाच्या पलीकडे सापडला, आता तिथे गाड्यांचं गॅरेज आहे. गॅरेजवाला सही देईना. मी त्याच्या दारात स्टूल टाकून बसले. तिसऱ्या चहाला वैतागून त्याने सही दिली.

ती नोंद हलवली आणि लगेच फोन वाजला.

"ताई, एक गेलं. घरंगळत लांब गेलं."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. आनंदाने म्हणा, भीतीने म्हणा. नकाशेवाल्याने हेडफोन काढला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता यादीतला अर्धा भाग आपल्याकडे ओढून घेतला. संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं भूत लागल्यासारखे राबलो. गॅरेजवाल्याच्या फरशीखाली आता काय वाजतंय हे विचारायला मी मुद्दाम पुन्हा गेले. काही वाजत नव्हतं. पिंप आपल्या जागी गेलं की गप्प बसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. या समजुतीला पुरावा काय, हे मला कोणी विचारू नये.

घरातला गोड वास गेला. मग डांबरगोळ्यांचा, मग रॉकेलचा. धाकटी जेवायला लागली, आणि मला जरा झोप लागायला लागली.

५

शेवटी ठिपक्यावर एकच नोंद उरली. डेटाबेस सुरू झाला तेव्हाची, सगळ्यांत पहिली. कारखान्याचं नाव नाही, पत्ता नाही, जमिनीत काय आहे ते नाही. मुळातला कागदही नाही.

"कोणीतरी चाचणीसाठी टाकली असेल," नकाशेवाला म्हणाला. "सॉफ्टवेअर चालतंय का बघायला."

"मग हिला हलवायचं कुठे?"

"कुठेच नाही. राहू दे की एक. एका पिंपाने काय होतंय?"

मलाही तसंच वाटलं. मी धाकटीला फोन केला आणि उत्साहाने विचारलं, "काय गं, आता शांत ना?"

पलीकडे तिने रेडिओ बंद केला.

"पिंपं सगळी गेली, ताई. आता कोणीतरी चालतंय."

"कोण चालतंय?"

"मला काय माहीत? इतके दिवस पिंपं ठेवणारा कोणीतरी असेलच ना. आता त्याला ती सापडत नाहीयेत. इकडून तिकडे जातो, ठोकून ठोकून बघतो. भरलंय की रिकामं आहे ते बघतात ना, तसं. ताई, तो सगळीकडे ठोकून येतो आणि माझ्या पलंगाखाली थांबतो."

६

मी रिक्षा करून तडक तिच्याकडे गेले. भर दुपार होती, जावईबुवा कामावर. धाकटी कुशीवर झोपली होती, घामेजलेली, एक हात पोटाखाली. मी तिला उठवलं नाही. चपला काढल्या आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसले.

आधी काहीच नव्हतं. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. मग स्वयंपाकघराच्या बाजूने ठकठक आली, फरशीच्या खालून. दोन बोटांनी करावी तशी, सावकाश. ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं, पुढे जायचं. बाहेरची खोली झाली. दाराचा उंबरा झाला. मी स्वतःला सांगत होते की ऊन तापलं की फरशा प्रसरण पावतात. मी हे सांगत असताना आवाज माझ्या गुडघ्याखालून गेला.

तो पलंगाखाली थांबला. मी वाकले, चादरीची झालर वर केली.

एका फरशीची कड हलत होती. ती बोटभर वर उचलली गेली. खाली वाळू नव्हती, नुसता काळोख होता, आणि त्यातून ओल्या रबरी हातमोज्याची चार बोटं कडेवर आली. घाई नव्हती, राग नव्हता. पाहणीवर आम्ही पिंपाचं झाकण सैल आहे का बघतो ना, अगदी तसं त्या बोटांनी फरशीची कड चाचपली. धाकटीने झोपेत कूस बदलली, पलंग करकरला, आणि बोटं थबकली. मग फरशी आणखी वर झाली, हात कोपरापर्यंत बाहेर आला, आणि पलंगाच्या खालच्या लाकडी फळीवर, बरोबर तिच्या पोटाखाली, एकदा ठोकून त्याने ऐकलं.

भरलेलं.

फरशी हळूच जागेवर बसली.

मी जावईबुवांना फोन केला. "आत्ताच्या आत्ता तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. कळा येत नसल्या तरी न्या. कारण विचारू नका."

७

कचेरीत मी ती उरलेली नोंद उघडली. पिंपाची नव्हतीच ती, त्याची होती. नकाशेवाला शेजारी येऊन उभा राहिला.

समुद्रात टाकून बघितली. सॉफ्टवेअरने नकार दिला, जमीनच हवी. मग मोकळ्या जागा शोधल्या. नकाशा मोठा करत गेलं की मोकळी जागा कुठे मोकळी नसते. इथे पत्र्याची खोली, तिथे पोरांचं खेळायचं मैदान, आणखी पुढे कुठे दोरीवर वाळत घातलेले कपडे. जिथे आज काही नाही तिथे उद्या वसाहत उभी राहते. धाकटीचं घर तसंच उभं राहिलं होतं.

"आणि ताबेदाराचं निवेदन?" नकाशेवाल्याने हळू आवाजात विचारलं. "कोण देणार? कुठल्या तोंडाने मागणार?"

"माझं मी देईन," मी म्हणाले.

मी तळमजल्यावर राहते, एकटी. दोन खोल्या, मागे मोरी. मी माझा पत्ता भरला, ताबेदार म्हणून सही केली. नकाशेवाल्याने माझं मनगट धरलं.

"ताई, वेडेपणा करू नका."

"सोड हात."

त्याने सोडला. मी कळ दाबली.

८

धाकटीला मुलगी झाली. घाईने जन्मलेली, पण धडधाकट, रडते कशी तर सगळा मजला गोळा होतो म्हणे. मी काचेतून तिला एकदा बघून आले. घरात आता सगळं शांत आहे, असं जावईबुवा सांगत होते. फरशीखाली उंदीरसुद्धा नाही.

माझ्याकडे शांत नाही. तो मोरीपासून सुरुवात करतो, स्वयंपाकघरात येतो, मी बसले असेन तिथे थांबतो. सवय होते. एकदा ठोकून ऐकतो आणि पुढे जातो, कारण माझ्यात त्याच्या कामाचं काही नाही. मी आपली रेडिओ लावते.

धाकटीने फोनवर धोशा लावला होता: हॉस्पिटलमधून सुटले की तुझ्याकडेच येणार, मला तूच हवीस. मी रंगकाम काढलंय म्हणाले, मग तापाचं निमित्त केलं, मग ढेकूण झाल्याचं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ती मला इथे एकटीला ठेवून गेलीच नसती. तिला मी ओळखते.

आज सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर धाकटी, अंगावर शाल, छातीशी गुंडाळलेलं गाठोडं. मागे गाडीतून जावईबुवा पिशव्या काढत होते.

"कसले ढेकूण नि कसलं काय," ती हसत म्हणाली. "सरक, आत येऊ दे. बाळा, ही बघ तुझी मावशी."

मोरीतली ठकठक थांबली. मग ती निघाली, आणि या वेळी कुठेच थांबली नाही. भरलेलं म्हणून त्याने जे ओळखलं होतं ते दारात आलं होतं.

"येऊ नकोस," मी म्हणाले.

"काय?"

"मला नको आहे तुमची कटकट. आयुष्यभर तुझंच करत आले. आता मला माझं घर माझ्यापुरतं हवंय. जा."

तिचा चेहरा कसा झाला, ते मी सांगणार नाही. बाळ रडायला लागलं. माझ्यामागे स्वयंपाकघर झालं, बाहेरची खोली झाली.

"ताई, अगं, मी आहे."

"जा म्हणते ना!"

मी तिच्या तोंडावर दार लावलं आणि कडी घातली. दारापलीकडे दोघी रडत होत्या. जावईबुवा काहीतरी विचारत होते. माझ्या पायाखालची फरशी बोटभर वर उचलली गेली. मी माझं सगळं वजन तिच्यावर टाकलं, दाराला पाठ लावली, आणि गाडी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही पाय रोवून तिथेच उभी राहिले.